त्रिएस्ते आणि ‘कापो इन बी’

दुपारी चारच्या सुमाराला इटलीच्या ईशान्य टोकाच्या त्रिएस्तेतल्या कुठल्याही बारमध्ये शिरा, काउंटरवर काचेचे छोटे पेले मांडलेले दिसतील. आपल्या कटिंगच्या ग्लासाचे चुलतभाऊच. तळाशी एस्प्रेसो, वर दुधाचा फेस. मागताना म्हणायचं, ‘कापो इन बी’.

बाकीच्या इटलीत पाठ केलेली कॉफीची बाराखडी इथं कामाची नाही. काळी एस्प्रेसो म्हणजे ‘नेरो’, पेल्यात हवी तर ‘नेरो इन बी’. कापुचिनो मागितलीत तर इवल्याशा कपात येते, आणि माणूस वेटरकडे बघत बसतो. मोठा कप हवा असेल तर ‘काफेलात्ते’ मागा. नुसतं ‘लात्ते’ म्हटलंत तर पुढ्यात पांढरंशुभ्र दूध येईल, पण ते इटलीत सगळीकडेच. कॉफी उभ्यानं प्यावी. पियाझ्झा उनितामधल्या खुर्चीवर टेकलात की तीच कॉफी महागते. पण या चौकाच्या तीन बाजूंना भारदस्त इमारती आणि चौथी बाजू थेट समुद्राला मोकळी. बिलात तो समुद्र धरलेला असतो. संध्याकाळी एकदा बसावं, कुरकुर करू नये.

या गावाला कॉफी लागली ती बंदरामुळे. तेव्हा हे गाव ऑस्ट्रियाचं. 1719 मध्ये बादशहा सहाव्या चार्ल्सनं इथं जकात माफ केली. 1857 मध्ये व्हिएन्नाची रेल्वे आली, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि पुढं इथल्या लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईला ये-जा करू लागल्या. पास्क्वाले रेव्होल्तेल्ला हा सुएझ कंपनीचा उपाध्यक्ष इथलाच व्यापारी. त्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय. 1918 मध्ये ऑस्ट्रियाचं साम्राज्यच गेलं आणि गाव इटलीकडे आलं. बंदर जागच्या जागी, पण ज्या मुलखासाठी ते बांधलं तो सरहद्दीपलीकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 ते 1954 हे गाव धड इटलीचं नव्हतं, धड युगोस्लाव्हियाचंही नव्हतं. पर्यटक अजूनही व्हेनिसहूनच मागे फिरतात. फिरोत बापडे. जकातमाफी मात्र टिकून आहे, त्यामुळे कच्च्या कॉफीची पोती इथल्या गोदामांत निवांत पडून राहू शकतात. आपल्या भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच, आणि एस्प्रेसोवरचा दाट तांबूस थर येतो तो बऱ्याचदा रोबस्टा जातीच्या कॉफीच्या जोरावर. म्हणजे त्या पेल्यात कर्नाटकातलं थोडं कोडगूही असू शकतं.

व्हेनिस-मेस्त्रेहून आगगाडीनं साधारण दोन तास. डब्यात उजवीकडे बसावं. मोन्फाल्कोने गेलं की गाडी कड्याच्या कडेनं चालते आणि खाली एकदम समुद्र उघडतो. डावीकडच्यांना नुसता खडक.

आता वारा. बोरा. गावाच्या पाठीशी कार्स्टचं चुनखडीचं पठार. आतल्या मुलखातली थंड, जड हवा त्याच्यामागे साचते आणि डोंगरातल्या सखल खिंडीतून समुद्राकडे कोसळते. कोसळते म्हणूनच तिला धक्के असतात. झोत ताशी 150 किलोमीटरच्याही वर जातात. पूर्वी रस्त्यांच्या कडेनं धरायला दोर बांधत. जोर हिवाळ्यात. छत्री आणूच नये. बोरानंतर इथल्या कचऱ्याच्या डब्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या डोकावतात. चाकांची बॅग उभी करून फोटो काढायला वळलात तर ती एकटीच निघते. मोलो आउदाचे हा समुद्रात शिरलेला लांब धक्का फिरायला झकास, पण त्याला कठडा नाही, तेव्हा अशा दिवशी लांबूनच नमस्कार. तरी मला विचाराल तर बोरा नसलेलं त्रिएस्ते जरा अळणीच.

शाकाहाऱ्यांनी ‘योता’ला भुलू नये. राजमा नि आंबवलेल्या कोबीचं हे दाट सूप दिसतं अगदी सोवळं, पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस शिजलेलं असतं, विचारून घ्यावं. त्यापेक्षा पठारावरच्या ‘ओस्मित्सा’ गाठाव्यात. शेतकऱ्यानं घरची वाइन आणि घरचंच खाणं अंगणात विकायचं, ही मुभा बादशहा दुसऱ्या जोसेफनं 1784 मध्ये दिली. तिठ्यावर पानांची डहाळी टांगलेली दिसली की त्या दिशेनं चालत सुटायचं. उकडलेली अंडी, चीज, पाव, तांबडी तेर्रानो वाइन. गरम काही मिळत नाही. आज कुणाचं अंगण उघडं आहे ते निघण्याआधी पाहून घ्यावं, नाहीतर चढ चढून कुलूप बघायचं.

आणखी एक जागा. रिसिएरा दि सान साब्बा, गावाच्या दक्षिणेची भाताची गिरणी. 1943 च्या सप्टेंबरनंतर जर्मनांनी तिची छळछावणी केली. इटलीत मृतदेह जाळायची भट्टी असलेली ही एकमेव. 17 अरुंद कोठड्या, एकेकीत सहा-सहा माणसं. पळून जाताना जर्मनांनी भट्टी सुरुंगानं उडवली. ती जिथं होती तिथं आता जमिनीवर लोखंडी पत्रा आहे. आत जायला तिकीट नाही. तासभर ठेवा, आणि बरोबर लहान मुलं असतील तर एकानं त्यांना घेऊन बाहेर थांबावं.