तरोटा की कासुंदा?

आज सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वनस्पती मंडळाची फेरी झाली. दोन तासांत जेमतेम अर्धा किलोमीटर. फेरीचा वेग असाच हवा, भरभर चालणाऱ्याला फक्त हिरवं दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तरोट्यापाशी. आपल्याकडे पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, म्हणून ओळख चोख हवीच. तरोट्याला पर्णिकांच्या (एकाच पानातल्या छोट्या पानांच्या) साधारण तीन जोड्या, टोकं गोलसर. शेजारीच उगवणाऱ्या कासुंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार. तरीही शंका राहिली तर ग्रंथी, म्हणजे पानाच्या दांड्यावरचा बारीक फुगवटा, शोधा: तरोट्यात ती पर्णिकांच्या खालच्या जोडीच्या मध्ये असते, कासुंद्यात देठाच्या अगदी बुडाशी. कासुंद्याच्या बिया विषारी आहेत, मुलांना शेंगांशी खेळू देऊ नका.

दहापट भिंग नवीन लोक हात लांब करून धरतात, मग सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं.

फोटो नुसत्या फुलाचा काढला तर नाव सांगणं कठीण. पानाची खालची बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल, फळ, हे सगळं टिपा. ऐनाच्या झाडाची तर मुख्य खूणच पानाच्या मागे, देठाजवळ असते: दोन गाठी.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, खाजकुइलीच्या शेंगांना हात लावू नका आणि बिब्ब्याचा चीक अंगाला लागू देऊ नका, फोड येतात.