आमची वाटचाल: टीम वाढली, भाषा पायथनच राहिली

सांगलीत सुरुवात केली तेव्हा आम्ही मोजकीच माणसं होतो. साखर कारखान्यांसाठी ऊसनोंद, तोडणी-वाहतूक, काट्यावरचं वजन आणि शेतकऱ्यांची बिलं या सगळ्याचं सॉफ्टवेअर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचो. हंगाम तोंडावर आला की प्रत्येक कारखाना काहीतरी वेगळं मागायचा, आणि भाषा लवचीक असल्यामुळे ते लगेच करून देता यायचं. कोणत्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या कोणत्या तुकड्याला, काय द्यायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

टीम वाढल्यावर तोंडपाठ असण्यावर भागेना. वजन कुठे टनात, कुठे किलोत. कुठे आकडा, तर कुठे काट्यावरून आलेली स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत पायथन काही बोलत नाही. नवीन मुलं जुन्या फंक्शनला हात लावायला कचरायची, आणि त्यांचं बरोबरच होतं. ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याचे पैसे देण्याचा नियम आहे. ऐन गाळपात बिलं अडकून चालत नाही.

माहितीचा प्रकार, म्हणजे टाइप, आधीच तपासणाऱ्या जावा भाषेकडे वळा, असं अनेकांनी सुचवलं. मी पायथनवरच ठाम राहिलो. 2015 मध्ये पायथन 3.5 सोबत टाइप हिंट्स आल्या होत्या, म्हणजे कुठे आकडा हवा नि कुठे मजकूर, हे कोडमध्येच लिहून ठेवायची सोय. प्रोग्रॅम चालताना पायथन त्या तपासत नाही, ते काम मायपायसारखं वेगळं टूल करतं. म्हणून एकेक फाइल घेत पुढे जाता येतं. ड्रॉपबॉक्सने असाच 40 लाख ओळींचा कोड तपासणीखाली आणला. जावास्क्रिप्टसाठी मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये टाइप लिहिता येणारी टाइपस्क्रिप्ट आणली, तीही याच गरजेतून.

आम्ही बिलांपासून सुरुवात केली. किलो आणि टन यांचे टाइप वेगळे केले, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा दिला की मायपाय अडवतं. ती तपासणी पास झाल्याशिवाय नवा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज करायचा नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या क्लासमध्ये (कोडच्या गटात) बाहेरून मेथड, म्हणजे आपलं फंक्शन, घुसवायलाही मनाई केली. एकदाच चालवायच्या स्क्रिप्ट मात्र मोकळ्या ठेवल्या; तिथेही हिंट्सचा हट्ट धरला तर पायथन वापरायचं तरी कशाला?

एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, तोडणी-वाहतुकीची कपात चुकली, तर ते कोणत्याही टाइपला कळत नाही. त्यासाठी मागच्या हंगामाची खरी बिलं घेऊन टेस्ट लिहिल्या आहेत. सध्या ऊसनोंदीच्या जुन्या मॉड्यूलला हिंट्स लावतोय. ते काम बॉयलर पेटायच्या आत उरकायचं आहे.