भिंतीला फुटलेले मीठ

२०२० च्या फेब्रुवारीतील एका सकाळी परांचीवर चढण्यापूर्वी मी सवयीने भिंतीवरून हात फिरवला आणि तळव्याबरोबर रंगाचा पापुद्राच निघून आला. सांगलीतील कृष्णाकाठच्या एका शाळेच्या सभागृहात, बासष्ट फूट लांब आणि अकरा फूट उंच अशा भिंतीवर मी नदीचे चित्र रंगवीत होते. डावीकडे महाबळेश्वरचा उगम, पुढे कराडला मिळणारी कोयना, हरिपूरला मिळणारी वारणा आणि उजवीकडची जवळजवळ अर्धी भिंत ऑगस्ट २०१९ च्या महापुराची. त्या पुरात आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्याही पुढे गेले होते आणि या सभागृहात ते पाच फूट चढले होते. आता बरोबर त्याच उंचीपर्यंत माझ्या निळ्या पाण्यावर फोड आले होते आणि फुटलेल्या फोडांतून पांढरी भुकटी गळत होती.

भिंतीला लोणा लागला होता आणि चूक माझी होती. पूर ओसरून सहा महिने झाले, भिंत हाताला कोरडी लागते, एवढ्यावर भरवसा ठेवून मी पुट्टी आणि प्रायमर लावले आणि वर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात दिले. विटांच्या पोटातील ओल मात्र तशीच होती. ऊन वाढू लागताच ती क्षार बरोबर घेऊन बाहेर निघाली, रंगाच्या पडद्याआड अडली, तिथेच क्षारांचे स्फटिक झाले आणि त्यांनी तो पडदा भिंतीपासून उचलून टाकला.

परांची बांधणारे गवंडीमामा वाळवा तालुक्यातले. त्यांनी भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि म्हणाले, "ताई, आमच्या रानातबी हेच फुटतंय. उसाला पाणी पाजून पाजून दोन एकर चोपण झालं."

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींविषयी मला माहिती नव्हती असे नाही. भारी काळ्या रानात वर्षानुवर्षे पाटाने पाणी दिले आणि त्याचा निचरा झाला नाही की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, उन्हाने ते पाणी उडून जाते आणि क्षार मातीवर राहतात. पण माझ्या कच्च्या आराखड्यात या जमिनीला उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा होती. मोठ्या भिंतीवर पुलाला भिडणारे पाणी, बुडालेली घरे, छपरांवरची माणसे हेच शोभेल, असे मी धरून चालले होते. आणि ज्या संकटाला ना आवाज ना लोट, ते माझ्याच चित्राखालून पाच फूट वर चढून आले होते.

तो सगळा दिवस आम्ही पत्र्याने खरवडण्यात घालवला. बावीस दिवसांचे काम संध्याकाळपर्यंत फरशीवर पापुद्र्यांच्या ढिगात जमा झाले. मला रडू आले नाही, कारण एव्हाना डोक्यात दुसरेच चित्र बसू लागले होते. खालच्या पाच फुटांत अ‍ॅक्रिलिक लावायचेच नाही, असे मी आणि मामांनी तिथेच बसून ठरवले. चुन्याचा थर भिंतीला श्वास घेऊ देतो. क्षार आले तरी ते भुकटी होऊन पृष्ठभागावर येतात आणि झाडून काढता येतात. चुन्यात टिकणारे जे रंग माझ्या हाताशी होते, ते म्हणजे गेरू, पिवडी, हिरमुंजी आणि काजळी. निळा त्यांत नव्हता, आणि पुराचे पाणी तरी निळे कुठे होते?

महिनाभर भिंत उघडी ठेवून मग आम्ही काम पुन्हा सुरू केले. पूर डावीकडे सरकवून आखडला आणि उजवीकडची वीस फूट जागा उसाच्या रानाला दिली: हिरवे पीक, मग पिवळी पडत गेलेली विरळ रोपे आणि शेवटी तडे गेलेली उघडी माती. मामांच्या रानात जाऊन मी ती माती पाहून आले होते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला आणि भिंत पुन्हा भिजली. खालचा रंग काही ठिकाणी फिकटला, पण पापुद्रा सुटला नाही. दर हिवाळ्यानंतर त्या पट्ट्यावर पांढरे येते. बाकीच्या भागातले मी कोरड्या ब्रशने झाडून काढते. उसाच्या रानातले तसेच राहू देते.