हनुवटी साफ करून आलेल्या ताई

मी चेहऱ्यावरचे नको असलेले केस इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे बारीक सुईतून मुळाला करंट देऊन, कायमचे काढायचं काम करते, आणि पहिल्या सिटिंगला येणाऱ्या बऱ्याच बायका आदल्या दिवशी थ्रेडिंग करून येतात. पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो ना, तसंच ते. पण त्या ताईंना मी फोनवर दोनदा बजावलं होतं की काही आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा काही नको, केस निदान चिमट्यात धरता येतील इतके वाढू द्या. शाळेत शिकवतात, पन्नाशीच्या जवळ, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या, खुर्चीवर बसल्या, मास्क काढला आणि हनुवटी एकदम गुळगुळीत, दोऱ्याचे लाल वळ तेवढे ताजे.

म्हटलं, ताई, मी सांगितलं होतं ना. तर म्हणाल्या, "सांगितलंत हो, पण तशी काय मी रस्त्याने येणार होते? आणि लेझरवाले तर उलट दाढी करूनच या म्हणायचे."

प्रश्न बरोबर होता त्यांचा. लेझर केसातला काळा रंग पकडतो, वरचा केस कापला तरी आत मूळ असतंच, त्यामुळे तिकडे दाढी चालते, फक्त उपटलेलं चालत नाही. आमचा प्रोब, म्हणजे ती बारीक सुई, मात्र केसाच्या कडेने आत सरकवायचा असतो. केस कुठल्या कोनात आहे त्यावरून आम्ही जातो आणि शेवटी तोच केस चिमट्याने धरून बाहेर काढतो. केसच नाही तर मी जाऊ कुठून? त्यात वर्षानुवर्षं उपटून उपटून आतली वाट वाकडी झालेली असते, ते वेगळंच. यांचे काळे केस लेझरने बरेच गेले होते, राहिले होते ते पांढरे, आणि पांढऱ्यात रंगच नाही म्हटल्यावर लेझर कितीही मारा, काही होत नाही.

त्या वैतागल्या, रजा फुकट गेली म्हणाल्या. मी म्हटलं, बसा, निदान फॉर्म भरू. आणि बरं झालं बसल्या. पेसमेकर आहे का, डायबेटिस, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का हे सगळं विचारताना कळलं की यांना ओठावर वरचेवर तापाचे फोड येतात. अशा माणसाच्या ओठाजवळ काम केलं तर ते पुन्हा उठू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून या असं सांगितलं. रात्री रेटिनॉलचं क्रीमही लावत होत्या, ते काही दिवस आधी बंद. केस हल्ली अचानक वाढलेत का, आवाज जाड झालाय का, हेही मी विचारतेच, कारण तसं असेल तर सुईच्या आधी हार्मोनची तपासणी. यांचं तसं काही नव्हतं.

बोलता बोलता भिंगाच्या दिव्याखाली जबड्याच्या कडेला दोन पांढरे केस दिसले, पार्लरवालीच्या दोऱ्यातून सुटलेले. म्हटलं चला, टेस्टपुरते हे तरी करू, सावळ्या त्वचेवर डाग राहतो का ते आधी बघितलेलं बरंच. करंटचं सर्किट पुरं व्हायला हातात इलेक्ट्रोड धरायला दिला, प्रोब घातला, करंट दिला, केस चिमट्याने अलगद उचलला. ताई म्हणाल्या, "करा ना." मी म्हटलं, झाला, हा बघा. त्या बघतच राहिल्या. चटका जाणवला होता, पण ओढ नाही, आणि त्यांच्या आख्ख्या आयुष्यात एकही केस ओढ बसल्याशिवाय निघाला नव्हता. आमच्यात हीच तर खूण आहे, केस लोण्यासारखा सरकून यायला हवा, उपटल्यासारखं वाटलं तर मूळ मेलेलं नाही.

मग बाई जरा सैल झाल्या. हे नवीन निघालंय का विचारलं, म्हटलं छे हो, 1875 मध्ये अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांवर हे केल्याचं छापलं होतं. मग पर्समधला चिमटा काढून दाखवला, एक घरी, एक शाळेत, एक गाडीत, कारण गाडीच्या आरशात दिवसाउजेडी सगळ्यात स्पष्ट दिसतं म्हणे. नवऱ्याने आजवर हनुवटीवर एक केस पाहिला नव्हता. मला वाटतं तयारी तयारी म्हणून आपण पाणी प्या, कॉफी टाळा असलं सांगत बसतो (पाणी प्याच, गॅल्व्हॅनिक, म्हणजे डीसी करंटच्या, पद्धतीत मुळातल्या ओलाव्याचं आणि मिठाचंच करंटने अल्कली बनतं आणि तेच मूळ जाळतं), पण खरं अवघड आहे ते केस दिसू देणं.

त्यावर उपाय म्हणजे रेझर. हे ऐकून त्या जवळजवळ उठल्याच, दाढी केली तर राठ येतील! येत नाहीत हो. टोक सपाट कापलं जातं म्हणून खरखरीत लागतं, मुळाला कळतही नाही वर काय झालं ते. तीन-चार दिवस आधी दाढी करून आलात तर उलट माझं सोपं, जे केस तेवढ्यात वर आले ते नक्की वाढीचे, म्हणजे सध्या वाढत असलेले, आणि वाढीचा केसच धड मरतो. त्यांनी हिशोब लावला, गुरुवारी रात्री रेझर, शुक्रवारी शाळेत काही दिसणार नाही, शनिवार-रविवार घरी, सोमवारी सकाळी मास्क लावून थेट माझ्याकडे.

महिन्याभराने आल्या तेव्हा खुंट छान होते, पण बधिर करायचं क्रीम कानापासून गळ्यापर्यंत थापलेलं! ते आधी पुसलं, असं भरमसाट लावू नये, अंगात भिनतं. हनुवटीपुरतं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. मग वीस मिनिटं काम केलं, लाली आली, मेकअप एक दिवस नाही आणि खपली खरवडायची नाही एवढं सांगून पाठवलं.

अजून येतात, सगळं संपायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं कारण सगळे केस एकदम वाढीत नसतात. गाडीतला चिमटा मात्र अजून टाकलेला नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, वापरत नाही हो, असू दे.