हळू आवाजावरून झालेला वाद

बेळगावात पाऊस एकदा लागला की टिळकवाडीतल्या आमच्या रविवारच्या बैठकीला चहा आणि वाद यांखेरीज दुसरा उद्योग उरत नाही. यंदाचा वाद डायना क्रॉल या कॅनडाच्या जॅझ पियानोवादिकेच्या 'क्वाएट नाइट्स' या २००९ सालच्या अल्बमवरून झाला. यजमानांच्या मुलाने तो लावला आणि तिसरे गाणे संपेपर्यंत खोलीत दोन तट पडले.

"बाई गातात की कुणाच्या कानात काही सांगतात?" हा पहिला आक्षेप आमच्यातल्या तबलजींचा होता. आवाज छातीतून निघावा आणि मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा, या मताचे ते. ड्रमवर फिरणारे जेफ हॅमिल्टन यांचे ब्रश ऐकून तर ते म्हणाले, "पहाटे कुणीतरी अंगण झाडतंय की हो!" हे त्यांनी दूषण म्हणून सांगितले, मला मात्र त्या आवाजाचे याहून नेमके वर्णन सुचले नसते. वहिनींनी स्वयंपाकघरातून एवढेच कळवले की पोळ्या लाटताना हे ऐकायला बरे वाटते. ती दाद होती की टोला, हे विचारण्याचे धाडस कुणी केले नाही.

खरा मुद्दा काढला तो पेटी वाजवणाऱ्या स्नेह्यांनी. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात राहणाऱ्याने पेटीविषयी बोलायचे म्हणजे जबाबदारीच असते, आणि ती ओळखून ते सावकाश बोलले. भाता हलतो आहे तोवर पेटीचा सूर धरून ठेवता येतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्याच क्षणापासून सूर विरू लागतो. ज्याचे बोट त्या विरणाऱ्या सुरावर आहे तोच गात असेल, तर शब्द कुठे संपवायचा आणि किती थांबायचे हे त्याच्या गळ्याआधी हाताला कळलेले असते. या बाई मुळात पियानोवादक. लॉस एंजेलिसमध्ये त्यांना गाण्याकडे वळायला प्रोत्साहन दिले तेही जिमी रोल्स या पियानोवादकानेच. तेव्हा त्यांचे हळू गाणे हा आवाजाचा दुबळेपणा नसून वादकाने स्वतःच्या वाद्यासाठी सोडलेली जागा आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे जाऊन त्यांनी शेजारच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा दाखला दिला: क्षयातून उठल्यावर त्यांनी लहान लहान तुकड्यांत गायला सुरुवात केली, तेव्हाही नाके मुरडणारे होतेच. या तुलनेवर तबलजी असे भडकले की चहा पुन्हा करावा लागला. मलाही ती तुलना ओढूनताणून आणलेली वाटली, कारण तिथे आजाराने घातलेली मर्यादा होती आणि इथे आपखुशीने स्वीकारलेली आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. सोडलेली ही जागा या अल्बममध्ये रिकामी राहतच नाही. ब्राझीलचे संगीतकार झोबीम आणि अमेरिकी गायक सिनात्रा यांच्यासाठी वाद्यमेळ बांधणारे क्लाउस ओगरमन हे मोठे संयोजक, यात शंका नाही. परंतु इथे त्यांची व्हायोलिने पहिल्या गाण्यापासूनच अशी पसरतात की आधीच गोड असलेल्या कुंद्यावर कुणी साखर पेरावी. पियानो शोधावा लागतो. याच बाईंचा १९९६ सालचा 'ऑल फॉर यू' हा अल्बम, आधी पियानोवादक आणि मग गायक म्हणून गाजलेल्या नॅट किंग कोल यांच्या त्रिकुटाला वाहिलेला, मला म्हणूनच अधिक जवळचा आहे. त्यात मुख्यतः पियानो, गिटार आणि बास एवढेच असल्यामुळे गाणे थांबले की बोटे काय म्हणतात ते स्वच्छ ऐकू येते.

मी तो लावायला सांगितला. एव्हाना कौलांवर पावसाचा जोर वाढला होता. तबलजींनी आपली खुर्ची उचलून स्पीकरला खेटून ठेवली आणि दोष काढायचे तर नीट ऐकले पाहिजेत, असे सांगून आम्हा सर्वांना गप्प केले.