रॅगलनची काळी वाळू

डिसेंबरात, म्हणजे न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात, भर दुपारी इथल्या रॅगलन गावाच्या वाळूत अनवाणी उतरू नये. आठ वर्षं जवळच्या हॅमिल्टन शहरात राहून मला हे ठाऊक आहे, पण बाबांना सांगायचं राहिलं. झाडीतल्या पायवाटेने आम्ही ङारुनुईच्या किनाऱ्यावर उतरलो. (मुळाक्षरांत पाठ केलेला ङ मला आयुष्यात पहिल्यांदा माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, नावांसाठी कामी आला. ङारु म्हणजे लाट, नुई म्हणजे मोठी.) बाबांनी चपला काढल्या, चार पावलं टाकली आणि "आई गं!" करत ओल्या वाळूकडे धावत सुटले. वय त्र्याहत्तर. पाण्यात पाय गार करत त्यांनी खाली पाहिलं, मूठभर वाळू उचलली आणि म्हणाले, "अगं, ही तर आपली मांडवी!"

रत्नागिरीला आम्ही दोन समुद्र मानतो. एक पांढरा समुद्र आणि दुसरा मांडवीचा काळा. मधे फार अंतर नाही, पण वाळूचा रंग पार वेगळा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटेनियम. बाबा लहानपणी लोहचुंबक दोऱ्याला बांधून तिथे फिरवायचे आणि चिकटलेली काळी पूड काड्यापेटीत जमवायचे. सकाळी निघताना त्यांनी आमच्या फ्रिजवरचं चुंबक खिशात का टाकलं, ते मला आत्ता कळलं. रॅगलनच्या वाळूला मीच फोनवर कधीतरी 'काळी' म्हटलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

कोरड्या वाळूवरून चुंबक फिरवलं तर त्याला मिशा फुटल्यासारखी वाळू उभी राहिली. ही वाळू मूळची दक्षिणेकडच्या तारानाकीच्या ज्वालामुखींची. नद्यांनी ती समुद्रात आणली आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने उत्तरेला वाहून नेली. बाबा अर्धा तास तेच करत बसले होते. मी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे डुंबून आले. त्या झेंड्यांबाहेर मी जात नाही. इथलं पाणी आत खेचतं.

मग मानू बे. इथे वाळू नाही, गोटे आहेत, आणि काठावर बसायला हिरवळ. सर्फिंग करणारे जगभरातून इथे येतात ते या लाटेसाठी. तिच्यावर उभ्या असलेल्याला ती डावीकडे, एका टोकापासून फुटत फुटत लांबवर नेते. फळीवर पालथी पडून वाट बघणारी पोरं बाबांना फार आवडली. एक लाट सोडली, दुसरी सोडली, तिसरीही सोडली. "होडी काढताना खारवी असेच थांबतात," ते म्हणाले. "घाई करणारा आडवा होतो."

गाव एवढंसं. मुख्य रस्त्याच्या मधोमध शिंदीच्या जातीची मोठी झाडं, दुकानात अनवाणी आलेली माणसं, गाड्यांच्या टपावर फळ्या. धक्क्यावर आम्ही तळलेला स्नॅपर खाल्ला. मसाला नाही, पण मासा ताजा, असा बाबांचा निकाल.

खाडीवरच्या पादचारी पुलावरून मुलं धडाधड पाण्यात उड्या मारत होती. पूल ओलांडला की 'ते कोपुआ' नावाची जागा. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ही माओरींची जमीन धावपट्टीसाठी घेतली, युद्ध संपल्यावर परत केली नाही आणि पुढे तिथे गोल्फचं मैदान झालं. पूर्वजांच्या दफनभूमीवर! ईव्हा रिकर्ड नावाची बाई त्यासाठी वर्षानुवर्षं लढली. १९७८मध्ये त्या मैदानावर ठाण मांडलं म्हणून तिला आणि साथीदारांना अटक झाली. शेवटी जमीन परत मिळाली. मी हे सांगत असताना बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. गावाचं जुनं नाव फाइंगारोआ, आणि मला तेच खरं वाटतं. रॅगलन हा क्रिमियाच्या युद्धातला इंग्रज सेनापती. या खाडीशी त्याचं काय नातं?

संध्याकाळी परत ङारुनुईला गेलो. वाळू आता निवली होती. पावणेनऊला सूर्य थेट पाण्यात बुडाला, जसा मांडवीच्या जेटीवरून बुडतो. बाबांनी रत्नागिरीला मोठ्या काकांना फोन लावला. तिकडे दुपारचा सव्वा वाजला होता, काका जेवायला बसत होते.

"कुठे आहेस रे? कसला आवाज येतोय?"

"काळ्या समुद्रावर," बाबा म्हणाले.