जेजुरी ते वाल्हे, आणि पायातला दोरा

दिवेघाट टाळांच्या नादात कधी चढलो कळलं नाही, सासवडला सोपानकाकांचं दर्शन झालं, जेजुरीचा भंडारा अजून केसांत आहे. पण मला सांगायचंय ते त्यापुढच्या दुपारचं.

दोन्ही टाचांना फोड, रणरणतं ऊन, ढगाचा पत्ता नाही आणि दिंडीतले एक काका शेजारून चालत मला समजावतायत. धाकटा भाऊ अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मग सुरू, प्रारब्ध असतं, देवाला आवडतो तो लवकर जातो, तुकोबांचं बघ, १६३० च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली तरी ‘बरें जालें देवा’ म्हणाले. इतका राग आला! तुकोबा ते स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणाले, शेजाऱ्याच्या नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन बरं झालं म्हणायचं नसतं हो. तोंडाने माउली माउली चालू होतं आणि आत नुसती आग.

शेवटी रस्त्याच्या कडेला बसलेच. रथामागच्या कुठल्या तरी दिंडीतली एक मावशी, डोक्यावर तुळस, थांबली. काही विचारलं नाही. तुळस खाली ठेवली, माझा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला, मी मागे ओढायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे माउली." पिशवीतून सुई काढली, फोडातून दोरा ओवला, पाणी निघालं, दोरा तसाच आत ठेवून वर खोबरेल लावलं. तेव्हा मी जे रडायला लागले ते थांबेचना, घरी तेराव्यालासुद्धा एवढी रडले नव्हते. ती म्हणाली, "रड. मी दुसरा पाय घेते."

कशासाठी रडतेय हे मग मीच सांगितलं. ती गप्प बसली, बराच वेळ. नंतर म्हणाली, आमच्याकडं परभणीला पेरलंय पण पाऊस नाही, दुबार करावी लागंल. तिने माझ्या दुःखाशी तुलना केली नाही, आपलंही नुसतं सांगितलं. नंबर घेतला एकमेकींचा.

नीरा स्नान, लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण, सगळं एकात एक मिसळलंय. काकांशी तरडगावात पाण्याच्या टँकरवर भांडले, त्याच रात्री कीर्तनात त्यांच्याच शेजारी जागा मिळाली आणि दोघंही डोळे पुसत होतो.

वाखरीला मावशीला फोन लावला. परभणीकडे अजून कोरडंच. ‘होईल सगळं नीट’ अगदी ओठावर आलेलं, गिळलं. विचारलं, बियाणं किती लागेल? म्हणाली, सोयाबीनच्या दोन बॅगा.